बांधावरचा रांजण

३ फेब्रुवारी, डोणवाडी

"जिथं काही उगवत नाही ना, तिथं कुणीतरी राहत असतं." वीस वर्षांपूर्वी गोपाळकृष्ण सर हे म्हणाले होते, कराडच्या एसटी स्टँडवर, हातात भज्यांचा पुडा धरून. म्हसवडकडच्या माळावरून आम्ही विद्यार्थी मातीच्या पिशव्या भरून आणत होतो आणि मी कुरकुरत होते, की असल्या करपलेल्या मातीत काय मिळणार. सर आता नाहीत. पण आज सकाळी माधवनगरहून स्कूटरवर येताना दोन्ही बाजूंचा ऊस एकाएकी संपला, समोर पांढरं रान पसरलं आणि सरांचं वाक्य इतकं जवळून ऐकू आलं, की मी स्कूटर थांबवून एकटीच हसले.

किती देखणं रान आहे हे! वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजलं, पाजतच राहिले. मग खालची खार वर आली आणि जमीन मेली. इथले लोक म्हणतात, रानाला मीठ फुटलंय. अगदी तसंच दिसतं ते. पापुद्र्यावर पापुद्रा, आणि पापुद्र्यांच्या कडांना किंचित गुलाबी झाक. ती झाक पाहिली आणि इतक्या लांब आल्याचं सार्थक झालं. तो रंग मातीचा नसतो. मिठात जगणाऱ्या जीवाणूंचा असतो.

मी काय करते हे मयूरीला मी असं समजावलं होतं: इतरांना जगता येणार नाही इतक्या मिठात हे जीवाणू तग धरतात, त्यासाठी चित्रविचित्र द्रव्यं बनवतात, त्यातलं एखादं कर्करोगाच्या पेशींना मारतं का, ते बघायचं. ती म्हणाली, "म्हणजे तू लोणच्यातलं औषध शोधणार. आईला आधीच विचारायचंस." मयूरी माझी धाकटी बहीण. आई गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. ती साताऱ्याला बँकेत आहे, सध्या रजेवर. बीजकोशाचा कर्करोग. तिसरी केमो झाली, तोंड सोलून निघालंय. परवा निघताना ती झोपेतच म्हणाली, "ताई, पाणी दे गं." वाईला लहान होतो तेव्हापासून हे असंच. माठ हाताच्या अंतरावर असला तरी ती उठायची नाही. मीच उठायची.

राहायला जागा मिळाली ती रानाच्या कडेलाच. सुभेदार मानसिंग आबांचा हा मळा. त्यांच्या मुलानं, विश्वजीतनं, स्वतःसाठी आणि बायकोसाठी बांधलेला नवा बंगला रिकामाच आहे. तो सैन्यात, राजस्थानात. सुट्टीलाही इकडे फिरकत नाही म्हणे. फरशी चकचकीत आहे, पण भिंतींना कमरेपर्यंत मिठाचा लोणा लागलाय. हात लावला की रंगाची भुकटी पडते.

आबांच्या पत्नी विजयमालाकाकी किल्ली द्यायला आल्या. चहाचं विचारलं नाही, नावही विचारलं नाही. बांधावरच्या रांजणाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "रानातनं आलं की आदी पाय धुवायचं. हात, तोंड बी. मगच उंबऱ्याच्या आत. समजलं न्हवं?" मी हो म्हटलं. रांजण काठोकाठ भरलेला होता, वर पितळी तांब्या पालथा. प्यायलाही किती गोड आणि गार पाणी!

७ फेब्रुवारी

आज पहिले नमुने घेतले. पद्धत सरांचीच. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना खुरपं, हातमोजे, बुटांचे तळवे, सगळं मिठाच्या दाट पाण्यानं खळबळून घ्यायचं. साध्या पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. हे जीवाणू अंगात इतकं मीठ मुरवून बसलेले असतात, की गोडं पाणी लागलं की फुगतात आणि फुटून मरतात. त्यामुळे मिठाच्या पाण्याचा कॅन माझ्यासोबत कायम असतो. हातसुद्धा मी त्यानंच धुते.

सरांची आणखी एक खोड मी उचलली आहे. ती कुठल्याच प्रयोगशाळेत चालणार नाही. नवी जागा दिसली की ते तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे. म्हणायचे, यंत्र आकडा सांगतं, जीभ ओळख करून देते. रानाच्या मधोमध एक उंचवटा आहे, गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाएवढा. मीठ तिथं सगळ्यात जाड, आणि गुलाबीही तिथंच सगळ्यात गडद. मी चिमूट जिभेवर ठेवली. झणझणीत खारट, आणि मागून हलकेच गोडसर. सरांची फार आठवण आली. तो सात नंबरचा नमुना.

बांधावर काकी उभ्या होत्या. पिशव्या उघड्या होत्या म्हणून मी रांजणाला वळसा घालून निघाले. त्यांनी वाट अडवली. "पाय धुतलं न्हाईत." मी समजावलं, की पाणी लागलं तर नमुने वाया जातील. त्या म्हणाल्या, "तुमचं नमुनं ऱ्हाऊ द्या." आणि तांब्या भरून सरळ माझ्या बुटांवर ओतला. तीन पिशव्या भिजल्या. मी भयंकर चिडले. चाळिशीची मी आणि साठीच्या काकी भर दुपारी बांधावर तांब्यासाठी ओढाताण करत होतो, याचं आता हसू येतं, पण तेव्हा आलं नाही. मी आबांकडे तक्रार केली. ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, त्या पुन्हा आडव्या येणार नाहीत. मला वाटलं, ते माझ्या बाजूनं बोलले.

१८ फेब्रुवारी, माधवनगर

प्रयोगशाळा एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये आहे. प्रमुख धवल, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. तो मला मॅडम म्हणतो आणि माझं बोलणं अर्ध्यावर तोडतो.

मिठातले जीवाणू आळशी असतात. त्यांची वसाहत दिसायला दोन-दोन आठवडे लागतात. सात नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी वर आला. बशीभर गुलाबी ठिपके, कपावर उठलेल्या ओठांच्या रंगासारखे. धवल म्हणाला, बाहेरचं काहीतरी शिरलंय, फेकून द्या मॅडम. मी तो पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग अर्क काढला, बारीक जाळीतून गाळला आणि कर्करोगाच्या पेशींवर टाकला.

आज सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. सगळ्या मेलेल्या. शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशी जशाच्या तशा. धवलनं कानातलं काढलं. तो म्हणाला, "मॅडम, हे बाहेर कुठं बोलू नका." मग म्हणाला, आता नीट वर्षभर बशांमध्ये, नंतर उंदरांवर, नंतर परवानग्या.

वर्षभर. मी मान हलवली.

२७ फेब्रुवारी, सातारा

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, की केमो थांबवू या. त्यापुढचं मी नीट ऐकलंच नाही.

मयूरीनं मात्र भिंतीआडून सगळं ऐकलं होतं. सकाळी ताटलीतला उपमा चिवडत म्हणाली, "ताई, तुझं ते लोणचं उंदरांना कधी देणार?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी. ती म्हणाली, "उंदरांची काय घाई आहे गं? त्यांच्या आधी मला दे." ती हसत होती. ओठ फाटले आणि रक्त आलं तरी हसत होती. मी तिला पाणी दिलं, एका हातानं मान उचलून, दुसऱ्या हातानं चमचा.

नाही म्हणाले मी. तीन वेळा.

६ मार्च, डोणवाडी

गावानं माझ्याशी बोलणं टाकलंय. दुकानात गेले की गप्पा थांबतात. आज मी मिठाच्या पाच पिशव्या मागितल्या, कॅनसाठी. दुकानदार जयराज, एरवी तोंडाळ माणूस, पिशव्या हातात देईना. मीठ हातावर देत नाहीत ही रीत मला ठाऊक आहे, पण त्यानं त्या फळीवरही ठेवल्या नाहीत. बाहेर पायरीवर ठेवल्या आणि दार लोटून घेतलं. कुणीतरी आतून म्हणालं, "धुतच न्हाई ती. घरात बी तशीच जातीया."

काकी आता अडवत नाहीत. रोज सकाळी येतात, रांजण घासून भरतात आणि माझ्याकडे न बघता जातात. त्यांच्या पाठीतसुद्धा राग दिसतो. मीही मुद्दाम रांजणाला वळसा घालते. मला माझ्याच या पोरकटपणाची लाज वाटते, पण घालते.

पाणी हल्ली कडू लागतं. भिंतीतला लोणा टाकीतही उतरला असणार.

१२ मार्च, सातारा

दिला.

अर्काचे तीन थेंब, ताकातून. तिनंच ताक मागितलं, मिठाचं. म्हणाली, "चव तरी येऊ दे." चमचा माझ्या हातात होता आणि ती माझा हात धरून मला धीर देत होती. उलटंच झालं सगळं. मी शास्त्रज्ञ म्हणून काय केलंय ते मला कळतं. पण तिची मान माझ्या तळहातावर होती, पिसाएवढी हलकी. त्या वजनापुढे मला दुसरं काही कळत नव्हतं.

२८ मार्च, सातारा

पुसून टाकल्यासारख्या!

डॉक्टरांनी स्कॅनचे दोन फोटो शेजारी-शेजारी लावले. गाठी नाहीत. गाठींच्या जागी फक्त पांढरं काहीतरी, दाणेदार. ते म्हणाले, असा क्षार कधी कधी साठतो, बरं होण्याची खूण असते. त्यांना कारण सांगता येत नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं. मयूरी बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडली. तिचा गाल खरखरीत लागला. मला वाटलं, सुकलेले अश्रू.

परवा तिला डोणवाडीला घेऊन जाते. मोकळी हवा, नवा बंगला. स्कूटरवर माझ्या मागे बसून ती मोठमोठ्यानं गाणार आणि मी गप्प बस म्हणणार. देवा, मला इतकंच हवं होतं.

२ एप्रिल, डोणवाडी

मयूरीला भूक लागते. चार-चार भाकरी. भाकरीवर मीठ, डाळीत मीठ, कलिंगडावर मीठ. मग नुसतंच मीठ, तळहातावर घेऊन, लहान मूल साखर खातं तसं. मी ओरडले तर म्हणाली, "तूही खातेस की." मी पाहिलं. माझ्या ताटाशेजारी मिठाचा वाडगा होता, अर्धा झालेला. मला आठवेना, मी कधी घेतला.

तिच्या डोक्यावर केस येताहेत. पांढरे. बारीक आणि ताठ.

ती पाणी पीत नाही. मी आज दिवसभर लक्ष ठेवलं. एकदाही म्हणाली नाही, ताई, पाणी दे गं.

दुपारी ऐन उन्हात ती अनवाणी रानात चालत होती. परतताना ती रांजणापासून लांबून आली. माझ्यासारखा वळसा नाही. रांजण दिसताच ती थांबली, अंग चोरलं आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पलीकडून आली. तिला रांजणाबद्दल मी काहीच सांगितलेलं नाही.

९ एप्रिल, माधवनगर

मारलेल्या पेशींची ती पहिली बशी फेकायची राहून गेली होती. आज इन्क्युबेटरच्या मागच्या कोपऱ्यात सापडली.

त्या मेलेल्या नाहीत. प्रत्येक पेशी आपल्या जागी आहे, तिचा आकारही तोच आहे. पण आत पेशी नाही. आत ते आहे. गुलाबी, भरगच्च. घर तसंच ठेवून आतला माणूस बदलावा तसं.

मग मी उरलेला गाळलेला अर्क तपासला. गाळलेल्या अर्कात जिवंत काही असता कामा नये. जाळीच्या छिद्रांतून ते जाऊच शकत नाहीत. सकाळी टिपूस टाकला. संध्याकाळी बशी गुलाबी.

शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशींकडे मी नंतर पाहिलं. त्यांच्यातही. त्यांना फक्त उशीर लागला होता.

धवलला सांगितलं. म्हटलं, सगळं साध्या पाण्यात बुडवून टाक, आत्ता, भांडी, बशा, टेबलं, सगळं. तो हसला. म्हणाला, मॅडम, दमलाय तुम्ही, तुमचे ओठ बघा. आणि सात नंबर तर सोमवारीच पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवला.

१३ एप्रिल, डोणवाडी

मी काकींच्या घरी गेले. त्यांनी उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि आधी माझ्या पायांवर पाणी ओतलं. मी ओरडले. पाणी गार होतं, तरी उकळत्यासारखं भाजलं. काकींनी माझ्या पायांकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला, आणि त्यांचा राग एकदम उतरला. त्यानं मला जास्त भीती वाटली.

मी विचारलं, विश्वजीतची बायको कुठं आहे.

प्रियदर्शनी तिचं नाव. छातीत गाठ निघाली. सांगलीला दाखवलं, मुंबईला दाखवलं. मग नुसती रानात जाऊन बसायची, म्हणायची, तिथं बरं वाटतं. येताना पाय धुवायची नाही. कोण कशाला धुईल, तेव्हा रांजण नव्हता. "बरी झाली," काकी म्हणाल्या. "लय बरी झाली. डाक्टर म्हनला, चमत्कार हाय. आन् एक दिवस दुपारची गेली आन् तिथंच ऱ्हायली. आमी हाका मारल्या. बसल्याली हुती. वळून हसली बी. दुसऱ्या दिशी मीठ चढल्यालं हुतं."

मी विचारलं, तिला पाणी का नाही ओतलंत.

काकी म्हणाल्या, "पोरीला कुनी मारतंय व्हय, बाई?"

आबा आत खाटेवर बसून होते. ते म्हणाले, मी शास्त्राची बाई, मला कळेल, म्हणून त्यांनी बंगला दिला. मला काही कळलं का? मग म्हणाले, मे महिन्यात पाइप घालून सगळं रान गोड्या पाण्यानं धुऊन काढणार. परवानगी आली आहे. काकी तेव्हा बाहेर गेल्या.

सात नंबर. तो उंचवटा. मी चिमूट जिभेवर ठेवली होती.

१४ एप्रिल

मयूरीला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, नखानं हातावरचे पापुद्रे सोलत. म्हणाली, "माहीत आहे." मी विचारलं, कसं. म्हणाली, "रानातल्या प्रियदर्शनीवहिनींनीच सांगितलं की."

२० एप्रिल

आज मी तिला फसवून बांधापर्यंत नेलं. म्हटलं, फोटो काढू या. आणि तांब्याभर पाणी तिच्या पायावर ओतलं. वाटलं होतं, तेच फुटेल, मरेल, आणि खाली माझी मयू असेल. निदान थोडी.

ती किंचाळली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तरी तो तिचाच होता. पावलाची कातडी भिजलेल्या कागदासारखी दुभंगली. रक्त आलं नाही. आत मांस नव्हतं. आत ओलं मीठ होतं, गुलाबी, आणि ते वाहून गेलं. पाऊल बोटभर लहान झालं.

ती मातीत बसून रडत होती. "ताई, मला मारू नकोस. ताई, मी आहे गं. मी आहे." रानातलं मूठभर मीठ घेऊन तिनं पावलावर दाबलं. ते भरलं.

तिचे डोळे तिचेच आहेत. मला लोणच्याची आठवण करून देते. आईची नक्कल करते. ती जर मयूरी नसती तर मी सगळा रांजण ओतला असता. आणि ती असेल तर

तांब्या मी परत पालथा ठेवला.

२३ एप्रिल

गावातून कुणी येत नाही. रस्त्यावर काट्यांचा ढीग टाकलाय. स्कूटरचं चाक फोडलंय. जयराज आणि आणखी चौघं लांब उभे होते, बादल्या भरून. मी हात जोडले. "पल्याडच ऱ्हावा," तो ओरडला.

बरोबर आहे त्यांचं.

२६ एप्रिल

धवलचा फोन. तापलाय, अंग खाजतं म्हणाला. विचारत होता, मॅडम, तुम्हालाही पाणी कडू लागतं का. मी म्हटलं, आंघोळ कर, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, भाजतं हो. मग लहान पोरासारखं — पुण्याहूनही फोन आला होता म्हणाला, खूप छान निकाल —

१ मे

उजवा हात कोपरापर्यंत पांढरा, खरखरीत. दुखत नाही. हेच वाईट आहे. खूप बरं वाटतं. गुडघे दुखायचे ते थांबले, चष्मा लागत नाही. सकाळी उठल्यावर कुणीतरी आत आनंदात असतं आणि ते मी नसते.

डाव्या हातानं लिहिते.

जीभ —

४ मे

मयू रोज मधे जाऊन बसते. उंचवट्याशेजारी. दोघी बोलतात. इथून ऐकू येत नाही, पण उंचवट्याचं तोंड पूर्वी पश्चिमेला होतं. आता बंगल्याकडे आहे.

हिरव्या बांगडीचा तुकडा दिसतो उन्हात.

काकी बांधावर आल्या होत्या. रांजण भरला. माझ्याकडे पाहिलं. आज पहिल्यांदा विचारलं, "ज्येवलीस का?"

६ मे

पाय उचलत नाहीत. काकींनी हाक मारून तांब्या आत सरकवला, काठीनं. टेबलावर ठेवून घेतला. कसाबसा. घोटभर पाणी पिऊन अजून मला हे संपवता येईल. अजून मी आहे. पण हात ओठांपर्यंत नेते आणि हातच मागे येतो. माझा हात. मला पिऊ देत नाही.

मला तिथं बसायचं नाही. मला तिथं बसायचं आहे.

नाही —

८ मे

पाइपवाले उद्या. बांधापलीकडे यंत्र आलंय. मयू म्हणते, त्याच्या आधी जाऊ, आपण दोघी. तिथं जागा केलीय. मी म्हटलं, ते धुऊन काढतील. ती हसली. म्हणाली, "पाणी सगळीकडे पोचत नाही, ताई." आणि पुण्याचं नाव घेतलं. आणि अजून गावांची नावं — मी कधी सांगितली नव्हती —

८, दुपार

ती समोर बसली आहे. किती सुंदर दिसते. गाल भरलेत. आईसारखी. माझे पाय मांडीवर घेऊन चेपते आहे. जिथं चेपते तिथं पांढरं

तांब्या टेबलावर. चार बोटं लांब. हात जात नाही.

मी तुला मारू शकले नाही, मयू. काकीही त्या पोरीला नाही. पण मला तरी. मी अजून थोडी आहे. तेवढी असतानाच मला जाऊ दे —

आयुष्यभर मीच उठले. तू एकदाही नाही. आज एकदा उठ. रागावणार नाही, काही विचारणार नाही. फार नको. घोटभर. मयू, पाणी दे गं.

नाही म्हणशील. माहीत आहे. मान हलवतेसच आहेस. तुझं किती प्रेम माझ्यावर — तांब्या कुठे नेतेस — नको, खिडकीतून नको, मयू, आधी मला — किती हलकी उचललीस गं मला, पिसासारखी — ऊन किती — मयू, पाणी